धूरसूचक यंत्राची कसोटी आणि वनप्रदेशातील घर

आगीची सूचना देणारे साधन घरात असणे ही एक गोष्ट आणि प्रसंगी ते साधन खरोखर सूचना देईल याची खात्री असणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली गोष्ट खरेदीने साध्य होते; दुसरी केवळ वारंवार घेतलेल्या परीक्षेने साध्य होते. पाश्चात्त्य देशांतील घरगुती अग्निसुरक्षेचा बहुतेक विचार या दुसऱ्या गोष्टीभोवती गुंफलेला आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न उपस्थित केला असता त्याला आणखी एक बाजू प्राप्त होते. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ चुलीचा धूर असतोच, ज्या छपराखाली मे महिन्यात यंत्राच्या सहनशक्तीपलीकडची उष्णता साठते, आणि ज्या गावापासून अग्निशामक बंब कित्येक कोस दूर असतो, तेथे धुराची सूचना म्हणजे नेमके काय, तिची परीक्षा कशी घ्यावी आणि त्या सूचनेचा उपयोग कोणाला, हे प्रश्न मुळापासून तपासणे आवश्यक ठरते.

या विषयाचे महत्त्व आकड्यांवरूनही स्पष्ट होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात आगीच्या अपघातांत ७,४३५ व्यक्ती मृत्यू पावल्या. अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक राहत्या घरांत घडतात, ही गोष्ट या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसून येते. कारखाने, चित्रपटगृहे, रुग्णालये यांतील आगी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. घरातील आग बहुधा गावाच्या स्मरणातच राहते.

धूर आणि निद्रा

आगीत माणूस भाजून मरतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बंद जागेतील आगीत ज्वाळेच्या आधी धूर पोहोचतो आणि बहुसंख्य बळी धुरानेच जातात. चंद्रपूर-गडचिरोलीला लागूनच असलेल्या भंडारा जिल्ह्यात, तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागली आणि १० बालकांचा अंत झाला. त्यांपैकी ३ बालके भाजल्याने व ७ बालके गुदमरल्याने दगावल्याचे त्या वेळी शासनातर्फे सांगण्यात आले. घटना रुग्णालयातील असली तरी तिच्यातील दोन गोष्टी घरगुती आगीलाही तंतोतंत लागू पडतात. वेळ रात्रीची होती, आणि बळी पडणारे स्वतः उठून बाहेर जाऊ शकणारे नव्हते.

धुराच्या घातकतेचे शरीरशास्त्रीय कारण सुपरिचित आहे. अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये जळणाऱ्या पदार्थांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असते. या वायूला रंग नाही, वासही नाही. निजलेल्या माणसाची निद्रा त्याने मोडत नाही, उलट गाढ होत जाते. जळणाऱ्या वस्तूंना उग्र वास येतो हे खरे. परंतु झोपेत घ्राणेंद्रियाची जागरूकता फारच मंदावते, असे प्रयोगांतून आढळून आले आहे. कान मात्र झोपेतही काही अंशी जागा असतो. धुराचे रूपांतर ध्वनीत करणे, म्हणजेच जे नाकाला कळत नाही ते कानाला कळविणे, एवढेच धूरसूचक यंत्राचे कार्य होय.

हे कार्य किती अवधीत व्हावे लागते, यासंबंधी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने केलेले प्रयोग उद्बोधक आहेत. १९७० च्या दशकात घरातील ज्वालायुक्त आगीत सुरक्षित बाहेर पडण्यास सुमारे १७ मिनिटे मिळत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा अवधी सुमारे ३ मिनिटांवर आल्याचे दिसले. गाद्या, उशा व बैठकीचे सामान यांत कापूस व लाकूड यांऐवजी कृत्रिम फेस आणि प्लॅस्टिक आल्यामुळे आग अधिक वेगाने भडकते, हे यामागील मुख्य कारण होय. मूल, चंद्रपूर किंवा देसाईगंज येथील घरातही कापसाच्या गादीची जागा आता फोमच्या गादीने घेतली आहे. म्हणून हा निष्कर्ष परदेशापुरता मर्यादित मानता येत नाही.

यंत्राची घडण

धूरसूचकाचा शोध हा काहीसा अपघाताचा इतिहास आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉल्टर येगर हे स्विस पदार्थवैज्ञानिक विषारी वायू ओळखणारे उपकरण बनविण्याच्या प्रयत्नात होते. वायूने उपकरणातील विद्युत्प्रवाह बदलला नाही. परंतु त्यांनी सिगारेट पेटविली तेव्हा मात्र प्रवाह घटला. या निरीक्षणातून आयनीभवनावर आधारलेले सूचक जन्मास आले. पुढे १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल यांनी घरात लावण्याजोगे, बॅटरीवर चालणारे यंत्र सिद्ध केले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले.

आज दोन प्रकारची यंत्रे प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा मायक्रोग्रॅमहूनही कमी अंश असतो. त्यातून निघणारे अल्फा कण दोन पट्ट्यांमधील हवेचे आयनीभवन करतात व त्यामुळे अल्पसा प्रवाह वाहत राहतो. धुराचे सूक्ष्म कण आत शिरले की आयन त्यांना चिकटतात, प्रवाह घटतो आणि यंत्र वाजते. दुसऱ्या, म्हणजे प्रकाशविद्युत प्रकारात, एका काळ्या कोठडीत प्रकाशकिरण अशा कोनात सोडलेला असतो की एरवी तो ग्राहकावर पडू नये. धुराच्या कणांवरून तो विखुरला की त्याचा काही भाग ग्राहकावर पडतो व सूचना मिळते.

या दोहोंतील भेद केवळ रचनेचा नाही. भडकून जळणाऱ्या आगीत अतिसूक्ष्म कण विपुल असतात. तेथे पहिला प्रकार अधिक चपळ ठरतो. गादी, दोरखंड, गोवरी किंवा विजेच्या तारेवरील वेष्टन जेव्हा ज्वाळेविना धुमसत राहते तेव्हा मोठे कण निर्माण होतात. तेथे दुसरा प्रकार पुढे असतो. रात्रीच्या घरगुती आगी पुष्कळदा धुमसण्यातूनच सुरू होतात. शिवाय स्वयंपाकाच्या किंचित धुरानेही पहिला प्रकार खोटी सूचना देतो. या दोन कारणांनी राहत्या घरासाठी प्रकाशविद्युत प्रकाराला सामान्यतः पसंती दिली जाते.

परीक्षेचे तीन अर्थ

यंत्रावरील कळ दाबली, कर्कश आवाज आला, आणि परीक्षा झाली, असे समजण्याचा प्रघात आहे. वास्तविक या क्रियेने यंत्राची विद्युत्मंडले, बॅटरी आणि भोंगा यांची खात्री पटते. तीही आवश्यकच आहे. परंतु सूचनेची साखळी तीन कड्यांची असते, आणि प्रत्येक कडीची परीक्षा वेगळी आहे.

पहिली कडी यंत्राच्या अंतर्गत कार्याची. तिच्यासाठी महिन्यातून एकदा कळ दाबून पाहणे पुरेसे होय. हा अवधी महिन्याचाच का, याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. उदाहरणापुरते असे गृहीत धरावे की कोणत्याही वर्षी १०० यंत्रांपैकी ५ यंत्रे न कळत बंद पडतात. दर महिन्याला परीक्षा घेतली व बिघडलेले यंत्र लगेच बदलले, तर प्रत्येक बिघाड सरासरी अर्धा महिना लपून राहील, आणि कोणत्याही क्षणी १०० पैकी सरासरी ०.२ घरेच सूचनेवाचून असतील. वर्षातून एकदा परीक्षा घेतल्यास हीच संख्या २.५ होते. परीक्षा कधीच घेतली नाही तर दहा वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ४० यंत्रे मुकी झालेली असतील. यंत्र तेच, किंमत तीच. फरक केवळ कळ दाबण्याच्या सवयीचा आहे. दहा वर्षांनंतर मात्र चालू यंत्रही बदलावे असा सर्वत्र संकेत आहे, कारण तोवर कोठडीत साचलेली धूळ व घटकांची जीर्णता यांमुळे त्याच्या संवेदनक्षमतेचा भरवसा राहत नाही.

दुसरी कडी धूर यंत्राच्या कोठडीपर्यंत पोहोचण्याची. कळ दाबल्याने हिची परीक्षा होत नाही. जाळीवर कोळिष्टके साचली, आत बारीक किडे शिरले, किंवा रंगकाम करताना लावलेले प्लॅस्टिकचे आवरण काढावयाचे राहिले, तरी भोंगा वाजेलच. याकरिता परीक्षेसाठी खास तयार केलेला फवारा मिळतो. त्याऐवजी उदबत्ती किंवा जळता कागद यंत्राखाली धरण्याची कल्पना अनेकांना सुचते. परंतु त्याने तेलकट काजळी कोठडीत साचते आणि परीक्षेतूनच आग उद्भवण्याचा संभव राहतो, म्हणून उत्पादक त्यास मनाई करतात. फवारा उपलब्ध नसेल तर निदान मऊ कुंचल्याने जाळी नियमित झाडणे, विशेषतः पावसाळ्याच्या आरंभी दिव्याभोवती किडे जमतात त्या दिवसांत, अगत्याचे होय.

तिसरी कडी माणसाची. आवाज झाल्यावर घरातील व्यक्ती जाग्या होतात काय, आणि जाग्या झाल्यावर त्यांना काय करावे हे ठाऊक असते काय? बहुतेक यंत्रांचा आवाज सुमारे ३,००० हर्ट्झ कंप्रतेचा असतो. वृद्धांना नेमका याच उच्च कंप्रतेचा आवाज कमी ऐकू येतो. ५२० हर्ट्झच्या खालच्या सुराने ऐकण्यास मंद असलेल्या व्यक्ती अधिक खात्रीने जाग्या होतात, असे दिसून आले आहे. लहान मुले तर पुष्कळदा कोणत्याच आवाजाने उठत नाहीत. त्यांना उठविण्याचे काम कोणा एका प्रौढाकडे नेमून द्यावे लागते. दोन वाटा कोणत्या, जमायचे कोठे, म्हाताऱ्या माणसास कोणी धरावयाचे, हे वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष करून पाहिल्यावाचून परीक्षा पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. धुरात उभे राहण्याऐवजी जमिनीलगत सरकत जाणे, बाहेर पडताना मागचे दार ओढून घेणे, आणि एकदा बाहेर पडल्यावर वस्तूंसाठी परत न शिरणे, हे नियम सांगून समजतात. परंतु अंगवळणी सरावानेच पडतात.

अमेरिकेतील अनुभव या तिन्ही कड्यांचे महत्त्व सिद्ध करतो. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या पाहण्यांनुसार घरगुती आगीतील दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ तीन मृत्यू सूचक नसलेल्या किंवा सूचक असूनही न चालणाऱ्या घरांत होतात. न चालण्याचे सर्वांत मोठे कारण बॅटरी नसणे, निकामी होणे किंवा काढून ठेवलेली असणे हे होय. आणि ती काढून ठेवण्यामागे बहुधा खोट्या सूचनांचा उबग असतो.

चंद्रपूरचा उन्हाळा

वरील सर्व विचार समशीतोष्ण देशांत वाढलेला आहे. अनेक घरगुती यंत्रे सुमारे ४ ते ३८ अंश सेल्सिअस या तापमानात वापरावयाची म्हणून प्रमाणित झालेली असतात. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतील कमाल तापमान ४५ ते ४७ अंशांपर्यंत जाते. उन्हात तापलेल्या टिनाच्या पत्र्याचे स्वतःचे तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. म्हणजेच पत्र्याखाली लावलेले यंत्र वर्षातील कित्येक दिवस आपल्या प्रमाणित मर्यादेच्या बाहेर काम करीत असते. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक घटकांची झीज व बॅटरीचा ऱ्हास वेगाने होणे स्वाभाविक आहे. यास्तव या जिल्ह्यांत मासिक परीक्षेस जोडून एप्रिलच्या आरंभी व जूनच्या अखेरीस अशा दोन विशेष परीक्षा घेणे शहाणपणाचे ठरेल.

तापलेल्या छपराचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. धूर वर जातो तो भोवतालच्या हवेपेक्षा उष्ण असल्यामुळे. पत्र्याखाली आधीच अतिशय तप्त हवेचा थर असेल, तर धुमसणाऱ्या आगीचा कोमट धूर त्या थराच्या खालीच पसरतो व छताला लावलेल्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. या घटनेस स्तरीभवन म्हणतात. म्हणून जेथे छत उष्णतारोधक नाही तेथे यंत्र छताऐवजी आतील भिंतीवर, छतापासून साधारण ४ ते १२ इंच खाली लावण्याची शिफारस केली जाते. कवेलूच्या छपराला असंख्य फटी असल्याने तेथे उष्ण थर कमी साठतो, परंतु धूरही फटींतून निसटून जातो. तेथे यंत्राची जागा निजण्याच्या ठिकाणाच्या शक्य तितकी जवळ असणे इष्ट.

उष्णतासूचक यंत्रांबाबतही हीच सावधगिरी हवी. सामान्य यंत्र सुमारे ५७ अंशांस वाजते. मे महिन्यातील दुपारी पत्र्याखाली ते आगीवाचूनही वाजू शकेल. युरोपीय मानकांत अशा उष्ण जागांसाठी ‘ब’ वर्गाची यंत्रे सांगितली आहेत; ती ६९ ते ८५ अंशांच्या दरम्यान सूचना देतात. खरेदी करणाऱ्याने वर्ग पाहून घेणे, ही या प्रदेशातील पहिली कसोटी मानली पाहिजे.

जेथे धूर रोजचाच आहे

सूचना देणाऱ्या प्रत्येक साधनाच्या मुळाशी एक गृहीतक असते: ज्याची सूचना द्यावयाची ती गोष्ट एरवी घडत नाही. चुलीच्या घरात हे गृहीतक कोसळते. एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातील कुडाच्या भिंतींच्या घरात धूर हा स्वयंपाकाचा नित्य सोबती असतो, आणि पावसाळ्यात डास व ओल घालविण्यासाठी तो मुद्दाम केलाही जातो. अशा घरात धूरसूचक दररोज दोनदा वाजेल आणि आठवड्याच्या आत त्याची बॅटरी विजेरीत जाऊन बसेल. दोष घरातील माणसांचा नाही. साधनाचे गृहीतकच तेथे लागू पडत नाही. १ मे २०१६ रोजी आरंभ झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोहोचली. तथापि सरपण सहज मिळते तेथे गॅस आणि चूल दोन्ही नांदतात. अशा घरात चूल ओसरीवर किंवा वेगळ्या खोपटात असेल तरच निजण्याच्या खोलीतील धूरसूचक उपयोगी पडतो. स्वयंपाकाच्या जागेपासून ते निदान १० फूट दूर असावे, आणि खुद्द चुलीजवळ यंत्र हवेच असेल तर ते उष्णतासूचक असावे.

गॅस आला म्हणजे धोका संपला असेही नाही. त्याचे स्वरूप पालटते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की ठिणगीने पेट घेतो. धूरसूचकाला या गळतीचा पत्ता लागत नाही. त्याकरिता वायूत मिसळलेला उग्र वास हीच सूचना होय, आणि वायुसूचक यंत्र लावावयाचे तर ते जमिनीजवळ लावावे लागते. वास आल्यावर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करणे, दारे-खिडक्या उघडणे, नियामकाची कळ बंद करणे, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळविणे, हा क्रम घरातील प्रत्येकास ठाऊक असावा. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलणे हेही येथील परीक्षेचेच अंग आहे.

जेथे यंत्र निरुपयोगी, तेथे प्रतिबंध हाच आधार. या भागातील घराची आग बहुधा तीन ठिकाणी जन्म घेते: चुलीची राख, साठविलेले वैरण-सरपण आणि विजेची जोडणी. राखेखाली विस्तव तासन् तास जिवंत राहतो. पूर्वी काडेपेटी दुर्मिळ असताना विस्तव जपण्यासाठी त्यावर राख लोटीत, ती याच गुणामुळे. तीच राख पहाटे सांदवाडीत, तणसाच्या ढिगाजवळ वा गोवऱ्यांच्या रचाईजवळ टाकली जाते तेव्हा जपलेला विस्तव शत्रू होतो. राखेसाठी स्वतंत्र खड्डा आणि त्यावर तांब्याभर पाणी, एवढ्याने हा मार्ग बंद होतो. धान कापणीनंतर शेतात रचलेले पुंजणे जळून वर्षाचे पीक नष्ट झाल्याच्या बातम्या पूर्व विदर्भात दर हंगामात वाचावयास मिळतात. एकाच जागी एकच मोठा पुंजणा रचण्याऐवजी अंतर राखून अनेक लहान पुंजणे रचल्यास हानीला मर्यादा पडते. तणसाचा ढीग गोठा व घर यांपासून दूर आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करून असावा. विजेच्या बाबतीत उघडे सांधे, एकाच फळीवर पंखा, कूलर व मोटार यांचा भार, आणि छपराच्या बांबूला थेट बांधलेल्या तारा ही चिन्हे दिसताच दुरुस्ती करावयास हवी. उन्हाळ्यात कूलरमुळे भार वाढतो आणि त्याच दिवसांत गवत, बांबू व लाकूड अत्यंत शुष्क झालेले असते, ही गोष्ट विसरता कामा नये.

शेजार आणि अंतर

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार संबंधित इमारतींच्या मालकांना वा भोगवटादारांना वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, आपली अग्निसुरक्षा साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. म्हणजे नियतकालिक परीक्षेचे तत्त्व कायद्यानेही स्वीकारले आहे. परंतु त्या कायद्याचा भर उंच व सार्वजनिक वापराच्या इमारतींवर आहे. खेड्यातील घराची परीक्षा घेणारा घरमालकाखेरीज दुसरा कोणी नाही.

शिवाय १०१ किंवा ११२ हा क्रमांक फिरविला तरी बंब येण्यास लागणारा वेळ अंतरावर अवलंबून असतो. गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्या गावाचा संपर्कच तुटतो. अशा ठिकाणी आगीची पहिली दहा मिनिटे शेजाऱ्यांची असतात. येथे धूरसूचकाच्या आवाजाचा वेगळा विचार करता येतो. ३ मीटरवर ८५ डेसिबल असणारा आवाज मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून १२ मीटरवर तो ७३ आणि २४ मीटरवर ६७ डेसिबल उरतो. पक्क्या भिंतींच्या शहरी घरात यातील बराचसा आवाज भिंतीच गिळतात. कुडाच्या व उघड्या वळचणीच्या घरातून मात्र तो रात्रीच्या शांततेत शेजारच्या अंगणापर्यंत पोहोचू शकतो. त्या आवाजाचा अर्थ शेजाऱ्याला ठाऊक असला पाहिजे, एवढीच अट आहे. यास्तव परीक्षेच्या दिवशी शेजारच्या घरांनाही तो आवाज ऐकविणे हा या प्रदेशापुरता एक उपयुक्त नियम ठरावा.

घराबाहेरील धूर

वनप्रदेशात घराची सीमा कुंपणाशी संपत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सुकर व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूच्या झुडपांना कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. यांपैकी काही आगी वाऱ्याने हाताबाहेर जातात. देशात सर्वाधिक आगीच्या नोंदी होणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव वारंवार येते.

या आगींसाठी एक प्रकारचे विराट धूरसूचकच आकाशात फिरत आहे. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांची सूचना देत आली आहे. आरंभी वापरलेल्या मोडिस संवेदकाचा एक बिंदू १ किलोमीटरचा होता. २०१७ पासून वापरात आलेल्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा बिंदू ३७५ मीटरचा आहे. पण घरातील यंत्राला लावलेली तिहेरी कसोटी येथेही लावून पाहावी. उपग्रहाचे कार्य बिनचूक असले तरी सुओमी एनपीपी उपग्रह एका स्थानावरून दुपारी व रात्री दीड वाजण्याच्या सुमारास जातो. तिसऱ्या प्रहरी लागून सायंकाळी विझलेली आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. ही दुसरी कडी होय. सूचना वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर पोहोचली, परंतु भ्रमणध्वनीस जाळे नाही किंवा बीट दोन डोंगरांपलीकडे आहे, ही तिसरी. यंत्र कितीही दूरदर्शी असले तरी अखेरची कडी पायी चालणाऱ्या माणसाचीच राहते.

म्हणून या जिल्ह्यांतील प्रतिबंधाचे सर्वांत बोलके प्रयोग गावांनी केलेले आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि वनरक्षणाची जबाबदारी ग्रामसभेने आपल्याकडे घेतली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावास २०१२ साली असा हक्क प्राप्त झाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच सोडून दिले, कारण त्यासाठी झाडांची छाटणी व जाळपोळ होते आणि त्यातून जंगलाची हानी होते. रोख उत्पन्नाचा त्याग करून घेतलेला हा निर्णय आहे. आगीचे कारण दूर करणे हा तिची सूचना मिळविण्याहून अधिक खात्रीचा उपाय होय, हे तत्त्व येथे कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना आचरणात आले. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून दूर करणे किंवा झाडाखाली जाळी अंथरून फुले गोळा करणे, गावाभोवती हंगामापूर्वी जाळरेषा काढणे, हे त्याच दिशेचे उपाय आहेत.

संशोधनास वाव

वरील विवेचनावरून असे दिसते की घरगुती अग्निसुरक्षेचे प्रचलित नियम या प्रदेशात जसेच्या तसे लावता येत नाहीत, परंतु त्यांच्यामागील तर्क मात्र पूर्णपणे लागू पडतो. तो तर्क स्थानिक परिस्थितीत उतरविण्यासाठी मोजमापाची गरज आहे. टिन, कवेलू व गवत या तीन प्रकारच्या छपरांखाली एप्रिल ते जून या काळात वेगवेगळ्या उंचीवर प्रत्यक्ष तापमान किती असते? चूल व गॅस दोन्ही वापरणाऱ्या घरात रात्री निजण्याच्या जागी धुराचे प्रमाण किती उरते आणि ते यंत्राच्या मर्यादेखाली राहते काय? बॅटरी क्षीण झाल्याची टिकटिक सुरू झाल्यापासून ती बदलली जाईपर्यंत किती दिवस लोटतात, आणि सर्वांत जवळचे बॅटरीचे दुकान किती दूर असते? वणव्याची सूचना मिळाल्यापासून पहिला माणूस आगीपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो? या प्रश्नांसाठी खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. तापमापक, नोंदवही, एका उन्हाळ्याचे सातत्य आणि गावकऱ्यांचे सहकार्य पुरेसे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधास हा विषय लहान वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्र छताला लावावे की भिंतीला, हा निर्णय अशा नोंदींवरच अवलंबून राहील, आणि रात्री दोन वाजता ते वाजेल की नाही हेही त्या निर्णयावरच ठरेल.